दोन तास मागे

तिकीट स्वस्त मिळालं, एवढंच कारण होतं.
पण सत्राच्या मध्यावर घरी आलेल्या मुलीवर
ग्युम्रीत कुणी विश्वास ठेवत नाही.
शेजारच्या सातेनिकबाईंनी जिन्यातच गाठलं :
कुणी गेलं का? नापास झालीस का?
मग पोटाकडे एक नजर टाकून,
किती दिवस?

पाच, म्हटलं. त्यातला एक वाटेतच सरला.
ब्रनोहून पहाटेची बस, व्हिएन्नाचं विमान,
येरेवानहून मिनीबस, मागची सीट,
बटाट्याच्या पोत्याला टेकून झोपत झोपत
काळ्या दगडांच्या माझ्या गावात.

आईनं आधी हात पुसले, मग मला धरलं.
चहाला पाहुण्यांचे कप काढले, सोनेरी काठाचे.
मला माझा हवा होता, कान तुटलेला.
तो वाहेनं गॅरेजवर नेला, म्हणाली, स्क्रू ठेवतो त्यात.
माझ्या पलंगावर शिवणाचं मशीन
आणि शाळेचे अकरा अर्धे झगे, टाचण्यांसकट.
आम्ही दोघींनी ते मशीन खाली उतरवलं,
तेव्हा लक्षात आलं, हे तिला एकटीला उचलणारं नाही.
म्हणजे बाबांनीच ठेवलं असणार.
माझ्या पलंगावर.

सकाळी पाहिलं, स्वयंपाकघरातलं घड्याळ
दोन तास मागे.
सेल उतरला असेल म्हणून स्टुलावर चढले,
नवा घातला, काटे पुढे सरकवले.
वाटलं, चला, कशाच्या तरी उपयोगी पडले.
आई पीठ मळत होती. काही बोलली नाही.

त्या रात्री अहवाल पाठवायचा होता :
मातीतल्या शिशाचं प्रमाण, नमुने नऊ.
मुदत तिथल्या मध्यरात्रीची, म्हणजे आमच्या दोनची.
वाहेचा फोन उशीवर ठेवून त्याचं नेट ओढत होते,
आणि बाबा समोरच्या खुर्चीत, सोबतीला.
कुणाच्या मातीत शिसं?
तिथल्या. जुन्या कारखान्यामागच्या.
आपल्याही असेल की, म्हणाले,
आणि बसल्या बसल्या झोपले.
एक वाजून बावन्न मिनिटांनी अहवाल गेला.
त्यांना उठवावं की नाही, याचा विचार करण्यात
आणखी अर्धा तास गेला.

मधले दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही.
जेवले. झोपले. मावशीकडे जायचं राहिलं.

निघताना जर्दाळूच्या मुरंब्याच्या तीन बरण्या.
अगं, विमानतळावर दोन तरी काढून घेतील.
म्हणून तर तीन, आई म्हणाली.
(तिन्ही घेतल्या.)

बाबा खाली गाडी सुरू करून बसलेले.
मी पाणी प्यायला आत वळले
तर घड्याळ पुन्हा दोन तास मागे.
आई, अगं हे...
राहू दे, ती म्हणाली. आमची वेळ काय, वाहेच्या फोनात आहे,
सातेनिकच्या रेडिओत आहे.
हे तुझं आहे.
उठलीस का, वर्गात असशील का, जेवलीस का,
चहा ओतता ओतता बघते.
मग मी पुढे केलं तेव्हा बोलली का नाहीस?
तेव्हा तू इथे होतीस, ह्रिप.
तिनं माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.
खालून हॉर्न वाजला.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
रविवारी मी बेकरीत काम करते, सहाला.
टेबलावरच्या गजरानं उठले,
झुझानाच्या झोपेला धक्का न लावता कपडे चढवले,
आणि बंद शटरसमोर उभी राहिले, एकटी,
नाक लाल, रस्त्यावर एक ट्रामसुद्धा नाही.
फोन खिशातून काढला तेव्हा कळलं, पाचच वाजलेत.
रात्रीत सगळ्या देशानं घड्याळं मागे केली होती,
एक माझं सोडून.

घरी फोन लावला. तिकडे आठ, चांगलं उजाडलेलं.
आईच्या खांद्यामागे भिंत,
भिंतीवर पाच.
मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,
आज तुम्हाला तासभर जास्त होता ना?
मग झोपली का नाहीस?